सर्वो थरथरतोय? आधी पॉवर सप्लाय बघा

सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून तिथे थांबणारी मोटर, जोडली, अर्डुइनोत (प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या बोर्डात) कोड चढवला, आणि सर्वोचा हात वळायचं सोडून जागच्या जागी थरथरतोय. किंवा एक सर्वो छान चालतो, पण दुसरा जोडला की दोन्ही बावचळतात, बोर्डावरचा बारका दिवा लुकलुकतो आणि प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अशा वेळी नवखा माणूस आधी कोडवर संशय घेतो, मग सर्वोवर. कोड दहादा तपासून होतो, सर्वो बदलून आणला जातो. पॉवर सप्लायकडे कोणी वळून बघत नाही, कारण त्यावर ‘५ व्होल्ट’ असं स्पष्ट छापलेलं असतं. ते व्होल्ट खरेही असतात. कमी पडतात ते अँपिअर.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळांत विज्ञान प्रदर्शनाची तयारी करणारी मुलं, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, आणि ठिबकचा कॉक आपोआप फिरावा म्हणून धडपडणारी शेतातली तरुण मंडळी, या सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. बेरीज-गुणाकार येत असेल तर यातलं सगळं गणित जमेल.

सर्वो वीज कशी खातो

सर्वोच्या डबीत एक छोटी डीसी मोटर, गिअर, दांडा किती फिरला ते सांगणारा पोटेन्शिओमीटर आणि एक कंट्रोल सर्किट असतं. सिग्नलच्या तारेवरून दर २० मिलीसेकंदांनी साधारण १ ते २ मिलीसेकंदांची एक पल्स येते. पल्स किती लांब, त्यावर दांड्याने कुठे जायचं ते ठरतं. दांडा तिथे पोचेपर्यंत सर्किट मोटरला वीज देत राहतं.

आता करंटचं बघू. सर्वो निवांत असेल, दांड्यावर भार नसेल, तर तो १० मिलीअँपिअरच्या आसपास घेतो. मोकळा फिरताना एसजी९० नावाचा बारका सर्वो साधारण १०० ते २५० मिलीअँपिअर घेतो, आणि धातूच्या गिअरचा मोठा एमजी९९६आर ५०० ते ९०० मिलीअँपिअर. पण दांडा अडकला, म्हणजे मोटरला फिरायचंय आणि भार हलू देत नाही, तर एसजी९० पाऊण अँपिअरपर्यंत जातो आणि एमजी९९६आर ६ व्होल्टला अडीच अँपिअरपर्यंत. याला स्टॉल करंट म्हणतात. पॉवर सप्लाय निवडायचा तो याच आकड्यावरून.

“पण माझा सर्वो अडकतच नाही,” असं बरेच जण म्हणतात. अडकायची गरजच नाही. फिरणारी मोटर स्वतः उलटा व्होल्टेज तयार करते आणि तो आत येणाऱ्या करंटला आवर घालतो. थांबलेल्या मोटरमध्ये हा आवर नसतो, फक्त गुंडाळलेल्या तारेचा रोध असतो. म्हणून प्रत्येक वेळी हलायला सुरुवात करताना, काही क्षणांपुरता का होईना, सर्वो स्टॉलच्या जवळपासचा करंट ओढतोच. कापसाने भरलेली बैलगाडी जागेवरून काढताना पहिल्या झटक्याला जो जोर लागतो, तो पुढे चाकं फिरायला लागल्यावर लागत नाही, तसंच हे आहे. तो पहिला झटका सप्लायला पेलला नाही की व्होल्टेज खाली बसतो, अर्डुइनो रीसेट होतो, सर्वो अर्धवट सुटतो, व्होल्टेज परत वर येतो, आणि हे चक्र फिरत राहतं. डोळ्यांना दिसते ती थरथर बहुतेक वेळा हीच असते.

पहिली पायरी: सर्वोचं नाव आणि व्होल्टेज

सर्वोवरचा मॉडेल नंबर कागदावर लिहून घ्या. त्याची डेटाशीट (कारखान्याने दिलेला माहितीचा कागद) शोधा आणि तीन गोष्टी टिपा: चालणारा व्होल्टेज, स्टॉल टॉर्क (दांडा अडकतो तेव्हाचा पीळ, म्हणजे सर्वोची जास्तीत जास्त ताकद), स्टॉल करंट. एसजी९० ला ५ व्होल्ट द्यावेत. एमजी९९६आर ४.८ ते ७.२ व्होल्टवर चालतो, आणि त्याचा टॉर्क ४.८ व्होल्टला ९.४ किलो-सेंमी, तर ६ व्होल्टला ११ किलो-सेंमी असा दिलेला असतो. व्होल्टेज वाढवला की ताकद वाढते आणि त्याच प्रमाणात स्टॉल करंटही वाढतो, हे विसरू नका. ६ व्होल्टला अडीच अँपिअर घेणारा सर्वो ४.८ व्होल्टला साधारण २ अँपिअर घेईल.

बाजारात एकाच नावाचे, पण वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले सर्वो मिळतात आणि त्यांचा करंट डेटाशीटशी जुळेलच असं नाही. म्हणून पुढे हिशोबात थोडी मोकळीक ठेवायची. ‘हाय व्होल्टेज’ म्हणून विकले जाणारे ७.४ व्होल्टचे सर्वो वेगळे. त्यांचा सप्लाय एसजी९० ला दिलात तर एसजी९० गेलाच म्हणून समजा.

दुसरी पायरी: भार मोजा

ही पायरी सगळे गाळतात. माझ्या मते निम्मी डोकेदुखी इथेच मिटते. सर्वो भाराला पुरत नसेल, तर तो दिवसभर स्टॉलवरच उभा राहणार आणि मग कितीही मोठा सप्लाय आणला तरी मोटर तापून जळणार.

समजा ठिबकच्या लॅटरलचा कॉक सर्वोने फिरवायचाय. कॉकच्या मुठीला ५ सेंमीची पट्टी घट्ट बांधा. पट्टीच्या टोकाला दोरी, आणि दोरीला सामान तोलायचा हुकाचा काटा अडकवा. पट्टीला काटकोनात सावकाश ओढा आणि कॉक हलायला लागतो तो क्षण पकडून आकडा वाचा. काट्यावर ८०० ग्रॅम दिसले, तर टॉर्क झाला ०.८ गुणिले ५, म्हणजे ४ किलो-सेंमी. तीनचार वेळा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. क्षाराचं पाणी असेल तर कॉक हंगामाअखेर अजून घट्ट होतो, त्यामुळे नव्या कॉकवर मोजलेल्या आकड्यावर फार विसंबू नये.

सर्वोच्या स्टॉल टॉर्कच्या निम्म्याहून जास्त भार त्याच्यावर टाकू नये, आणि भार सतत धरून ठेवायचा असेल तर एक-तृतीयांशाच्या आत राहावं. ४ किलो-सेंमीच्या कॉकला एसजी९० चा १.८ किलो-सेंमी कुठेच पुरणार नाही. एमजी९९६आर आरामात पुरेल.

रोबोटिक हाताचा हिशोबही असाच. खांद्यापासून २० सेंमीवर २०० ग्रॅम वजन उचलायचं असेल तर तेवढ्यालाच ४ किलो-सेंमी लागतात. हाताच्या स्वतःच्या पट्ट्या, कोपरातला ५५ ग्रॅमचा सर्वो, नटबोल्ट हे सगळं त्यात वेगळं मिळवायचं. हा हिशोब न करता केलेले हात प्रदर्शनाच्या टेबलावर मान टाकतात.

तिसरी पायरी: बेरीज

साधा नियम असा: एकाच वेळी हलू शकतील त्या सगळ्या सर्वोंचा स्टॉल करंट मिळवा आणि वर वीस टक्के जास्त धरा.

एक उदाहरण घेऊ. हातात तीन एमजी९९६आर आणि चिमट्याला एक एसजी९०. तीन गुणिले अडीच म्हणजे साडेसात, अधिक पाऊण, झाले सव्वाआठ अँपिअर. वीस टक्के मिळवले की ९.९. म्हणजे ५ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय. अडीच अँपिअर हा ६ व्होल्टचा आकडा आहे, ५ व्होल्टला खरा करंट थोडा कमी भरेल. ती वरची मोकळीक समजा.

“चारही एकदम कशाला स्टॉल होतील?” हा प्रश्न रास्त आहे. चालताना होणारही नाहीत. पण बटण दाबल्याबरोबर काय होतं ते आठवा: प्रोग्रॅम सुरू होतो, चारही सर्वोंना आपापल्या जागी जायचा हुकूम एकाच क्षणी मिळतो, आणि चौघंही एकदमच झटका घेतात. सप्लाय कोसळतो तो बहुतेक इथेच. यावर कोडमधून उपाय आहे, तो पुढे येतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. “१० अँपिअरचा सप्लाय लावला तर सर्वो जळेल ना?” नाही. सर्वो त्याला हवा तेवढाच करंट ओढतो. १० अँपिअर ही सप्लायची ऐपत आहे. सर्वो जळतो तो जास्त व्होल्टने, उलट्या जोडणीने, किंवा अडकून पडल्याने.

चौथी पायरी: वीज कुठून घ्यायची

आधी जे टाळायचं ते.

अर्डुइनो उनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून सर्वो चालवू नका. यूएसबीवर बोर्ड चालत असेल तर वाटेत ५०० मिलीअँपिअरचा फ्यूज आहे. गोल जॅकमधून ९ व्होल्ट दिले तर बोर्डावरचा रेग्युलेटर वरचे ४ व्होल्ट उष्णतेत घालवतो. अर्ध्या अँपिअरला २ वॅट झाले, आणि त्या नखाएवढ्या भागाला ते झेपत नाहीत. एक एसजी९०, भार नसलेला, फक्त कोड तपासण्यापुरता त्या पिनवर चालतो. तेवढीच त्याची मर्यादा.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. शाळेच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ही दिसते आणि सर्वोसाठी हिच्याइतका वाईट पर्याय दुसरा नाही. चांगल्या अल्कलाइन बॅटरीचाही आतला रोध एक-दोन ओहम असतो, साध्या कार्बन-झिंकचा त्याहून बराच जास्त. पाऊण अँपिअर ओढला की एकदीड व्होल्ट आतच जिरतो. क्षमताही अल्कलाइनची कशीबशी ५०० मिलीअँपिअर-तास. ही बॅटरी मल्टिमीटरची. ती तिथेच राहू द्या.

७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर अजूनही पाठ्यपुस्तकांत आहे, म्हणून मुलं तो आणतात. १२ व्होल्टचे ५ करताना १ अँपिअरला तो ७ वॅट उष्णता काढतो. मोठा हीटसिंक लावूनही दोन एसजी९० च्या पुढे त्याचा उपयोग नाही.

जुने ‘बॅटरी एलिमिनेटर’ घरोघरी पडलेले असतात. त्यातले साधे, रेग्युलेटर नसलेले, ६ व्होल्टवर ठेवले तरी भार नसताना ८-९ व्होल्ट देतात आणि भार आला की घसरतात. मल्टिमीटर लावल्याशिवाय असा एलिमिनेटर सर्वोला जोडू नये.

आता जे घ्यावं ते.

एक-दोन एसजी९० साठी ५ व्होल्ट २ अँपिअरचा मोबाइल चार्जर उत्तम. नवे फास्ट चार्जरही फोनशी बोलणी झाल्याशिवाय ५ व्होल्टच देतात. चार्जरवर बारीक अक्षरात ५ व्होल्टला किती अँपिअर ते लिहिलेलं असतं, तो आकडा बघायचा, ९ व्होल्टचा नाही. अडचण असते केबलची. स्वस्त केबल कापून बघा, आत केसासारख्या तारा असतात. पॉवर बँकही चालते, पण सर्वो निवांत असताना करंट फार कमी झाला की बऱ्याच पॉवर बँका स्वतःहून बंद पडतात.

तीन-चार मोठ्या सर्वोंसाठी ५ व्होल्टचा पत्र्याच्या जाळीदार डबीतला एसएमपीएस (मेनच्या विजेपासून कमी व्होल्ट करणारा स्विचिंग सप्लाय) घ्या. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, आणि दुकानांच्या पाट्यांचे एलईडी बोर्ड करणाऱ्यांकडेही असतो. जळगावात असाल तर गोलाणी मार्केटमध्ये चौकशी करा. दुकानात नुसता “पाच व्होल्टचा सप्लाय द्या” म्हटलं तर हातात चार्जर येतो.

“भाऊ, पाच व्होल्ट दहा अँपिअर एसएमपीएस आहे का?”

“एलईडी बोर्डचा ना? बारा व्होल्टचा देऊ का, तो जास्त चालतो.”

“नाही, पाचचाच.”

इथे ठाम राहा. घरी आणल्यावर त्याच्या एका बाजूला बारका स्क्रू सापडेल, एडीजे असं लिहिलेला. त्याने आउटपुट थोडा वरखाली होतो. काही डब्यांना ११० आणि २२० असं सरकतं बटणही असतं. ते २२० वर आहे ना, हे प्लग लावायच्या आधी बघा. मेनच्या फेज, न्यूट्रल आणि अर्थच्या तारा स्क्रूखाली नीट आवळा आणि वर झाकण हवंच. शाळेतल्या मुलांनी हे काम सरांसमोरच करावं. २३० व्होल्ट आहेत ते.

१२ व्होल्ट २ अँपिअरचा सीसीटीव्हीचा अडॅप्टर आता गावोगाव मिळतो. त्याच्यापुढे बक कन्व्हर्टर लावून ५ किंवा ६ व्होल्ट करता येतात. बक कन्व्हर्टर वरचा व्होल्टेज जाळत नाही, त्याच्या बदल्यात करंट वाढवून देतो. १२ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे २४ वॅट. १५ टक्के वाटेत गेले धरा, तर ५ व्होल्टला ४ अँपिअर निघतात. पण मॉड्यूल तेवढं दणकट हवं. निळ्या पट्टीवरचं एलएम२५९६ चं मॉड्यूल ३ अँपिअरचं म्हणून विकतात. सतत चालवायला त्याच्याकडून दोनच धरा. त्याहून जास्त लागत असेल तर एक्सएल४०१५ चं ५ अँपिअरचं घ्या आणि त्यालाही साडेतीनच्या पुढे रोज ताणू नका. दोन्हींवर पितळी स्क्रूचा निळा प्रीसेट असतो. आधी इनपुट द्या, आउटपुटला मल्टिमीटर लावा, स्क्रू फिरवून ५ व्होल्ट आणा, आणि मगच सर्वो जोडा. नवं मॉड्यूल पाकिटातून निघतं तेव्हा ते किती व्होल्टवर ठेवलेलं असेल याचा काही भरवसा नसतो. पुष्कळ वळसे फिरवूनही आकडा हललाच नाही तर घाबरू नका, प्रीसेट दहा-वीस वळशांचा असतो.

चालत्या गाडीसाठी किंवा रोबोटसाठी सेल लागतात. चार अल्कलाइन पेन्सिल सेल ६ व्होल्ट देतात आणि दोन एसजी९० थोडा वेळ चालवतात. चार्ज होणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे, म्हणून चार घेतले तर ४.८ आणि पाच घेतले तर ६. करंट द्यायला ते अल्कलाइनपेक्षा दमदार. १८६५० चे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देतात, ते थेट सर्वोला कधीही नाहीत. मध्ये बक कन्व्हर्टर हवा, आणि सेलवर बीएमएस (सेल जास्त भरू किंवा उतरू न देणारं सर्किट) हवं. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल लोक वापरतात. बीएमएसशिवाय ते वापरणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे, हे मी गंभीरपणे सांगतो.

आणि शेतातल्या प्रयोगासाठी एक वस्तू आपल्याकडे बऱ्याच घरांत आयती असते: बॅटरीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी. तिच्यापुढे बक कन्व्हर्टर लावा. एमजी९९६आर ने ५ व्होल्टला २ अँपिअर ओढले तरी बॅटरीकडून १ अँपिअरच जातो, तोही कॉक फिरतो तेवढे दोन सेकंद. खरा खर्च होतो तो दिवसरात्र जागा असलेल्या अर्डुइनोचा आणि कन्व्हर्टरचा. तो बॅटरीच्या बाजूने ४० मिलीअँपिअर धरला आणि शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरू द्यायची नाही असं ठरवलं, तर ४ अँपिअर-तास म्हणजे १०० तास, चार दिवसांच्या आसपास. पुढे चार्जिंग किंवा छोटा सोलर पॅनल. बॅटरीच्या अधिक टोकाला लागून मोटरसायकलचा ५ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट लावा. शिशाची बॅटरी शॉर्ट झाली तर तार लाल होते.

जोडणी

सर्वोच्या तीन तारा: तपकिरी किंवा काळी म्हणजे ग्राउंड, लाल म्हणजे अधिक, आणि नारिंगी, पिवळी किंवा पांढरी म्हणजे सिग्नल. लाल तार सप्लायच्या अधिकला जाते, अर्डुइनोला नाही. सिग्नल अर्डुइनोच्या पिनला. काळी सप्लायच्या उण्याला, आणि तिथूनच एक तार अर्डुइनोच्या ग्राउंडला.

ही शेवटची तार विसरली की सर्वो वेड्यासारखा वागतो. सिग्नल म्हणजे ग्राउंडच्या तुलनेत मोजलेला व्होल्टेज. दोघांचं ग्राउंड एक नसेल तर सर्वोला पल्स कळणारच कशी? आणि याच्या उलट एक चूक: सप्लायचा अधिक आणि अर्डुइनोची ५ व्होल्टची पिन, दोन्ही एकत्र बांधणं. यूएसबी लावलेली असताना असं करू नका. दोन सप्लाय एकमेकांत ढकलाढकली करतात आणि भुर्दंड लॅपटॉपच्या पोर्टला पडू शकतो.

तारांबद्दल जरा सविस्तर सांगतो. किटमध्ये येणाऱ्या रंगीत जंपर तारा साधारण २८ गेजच्या असतात. त्यांचा रोध मीटरला ०.२१ ओहम. मीटरभर लांब नेलं, जाऊन-येऊन दोन मीटर झालं, तर अडीच अँपिअरला एक व्होल्टहून जास्त तारेतच जातो. सप्लायवर ५ दिसतात आणि सर्वोला ४ सुद्धा पोचत नाहीत. त्याऐवजी इलेक्ट्रिकच्या दुकानातली ०.७५ स्क्वेअर एमएमची मऊ तार वापरा. तेवढ्याच अंतरात सुमारे ०.१२ व्होल्टच पडतो. ब्रेडबोर्डच्या (भोकांत तारा खोचून जोडायच्या पाटीच्या) पट्ट्यांतून मोठ्या सर्वोचा करंट नेऊ नका. ब्रेडबोर्ड १ अँपिअरच्या आसपास थकतो, भोक सैल होतं आणि प्लॅस्टिक वितळतं. सर्वोंची अधिक-उणे स्क्रूच्या टर्मिनलवर आणा आणि ब्रेडबोर्डावर फक्त सिग्नल राहू द्या.

चारपाचहून जास्त सर्वो असतील तर पीसीए९६८५ चा सोळा चॅनलचा बोर्ड सोयीचा. त्यावरच्या व्हीसीसी आणि व्ही-प्लस या दोन वेगळ्या जागा आहेत: व्हीसीसीला अर्डुइनोकडून चिपपुरती वीज, आणि व्ही-प्लसच्या हिरव्या टर्मिनलला सर्वोंचा सप्लाय.

कपॅसिटरने भागेल का?

“१००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक, थरथर जाते,” हा सल्ला सगळीकडे मिळतो. कपॅसिटर टाकाच, सर्वोंच्या टर्मिनलजवळ, १६ व्होल्टचा, आणि अंगावरची उणे चिन्हांची पट्टी उण्याकडे करून. पण त्याचं काम किती ते समजून घ्या. सप्लायला १ अँपिअर कमी पडत असेल, तर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ती तूट एक मिलीसेकंद भरून काढतो, तेवढ्यात त्याचा स्वतःचा व्होल्टेज १ व्होल्टने उतरलेला असतो. सर्वोचा सुरुवातीचा झटका कित्येक मिलीसेकंद चालतो. म्हणजे कपॅसिटर बारीक खड्डे बुजवतो. अपुऱ्या सप्लायला तो पुरेसा करू शकत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना

सर्वोच्या दांड्यावर बसवलेली पाती काढून ठेवा. सप्लाय लावा आणि सर्वोच्या प्लगपाशी व्होल्ट मोजा. ५ च्या आसपास आहेत आणि अधिक-उणे बरोबर आहे, ही खात्री झाली की एकच सर्वो जोडा आणि त्याला इकडून तिकडे फिरवा. मग दुसरा. मग पात्या, मग भार.

प्रत्येक टप्प्यावर मल्टिमीटर सर्वोच्या प्लगपाशीच धरा, सप्लायच्या तोंडाशी नाही. हलताना आकडा ४.७ च्या खाली जात असेल तर तार किंवा सप्लाय बदला. साधा मल्टिमीटर सावकाश बघतो, त्याला ०.३ ची घसरण दिसली तर क्षणिक घसरण खरं तर त्याहून मोठी असते.

अर्डुइनो रीसेट होतोय की कोड अडखळतोय, हे ओळखायची सोपी युक्ती: प्रोग्रॅमच्या सेटअपमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात) सीरिअल मॉनिटरवर ‘सुरू झालो’ छापायची एक ओळ टाका. ती एकदाच दिसायला हवी. सर्वो हलला की पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर कोड सोडा आणि सप्लायकडे वळा. अर्डुइनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड वापरत असाल तर तो स्वतःच ‘ब्राउनआउट डिटेक्टर’ असा संदेश देतो.

स्टॉल करंट स्वतः मोजायचा असेल तर मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात लावून तो लाल तारेत सिरीजमध्ये घ्या आणि दांडा एखादा सेकंद धरून ठेवा. त्याहून जास्त वेळ नाही. एसजी९० चे प्लॅस्टिकचे दाते तुटतात, आणि मोटर तापते ती वेगळी. मोजून झाल्यावर पिन परत व्होल्टच्या भोकात लावा, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला जाल आणि सप्लाय शॉर्ट कराल.

आता कोडमधला उपाय. सेटअपमध्ये सगळे सर्वो एकदम अटॅच न करता (म्हणजे सगळ्यांचा सिग्नल एकदम सुरू न करता) एक अटॅच करा, त्याची जागा लिहा, ३०० मिलीसेकंद थांबा, मग पुढचा. हालचालही एका उडीत ० वरून १२० अंशांवर न नेता दोन-दोन अंशांनी, मध्ये १५ मिलीसेकंद थांबून करा. प्रत्येक पायरीला झटका लहान होतो आणि हातही दिसायला डौलदार चालतो. कॉकसारखी वस्तू फिरवून झाल्यावर स्वतःच्या घट्टपणानेच जागेवर राहते; तिथे काम झाल्यावर सर्वो डिटॅच करून टाका, बॅटरी वाचते.

आपल्याकडचं ऊन आणि संध्याकाळची लाइट

डेटाशीटचे आकडे भुसावळच्या मे महिन्यात तसेच्या तसे धरता येत नाहीत, कारण ते बहुतेक २५ अंशांचे असतात. इकडे उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश, आणि पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या प्लॅस्टिकच्या डब्यात त्याहूनही जास्त. भरपूर एसएमपीएस ५० अंशांच्या पुढे आपली ऐपत कमी करून देतात, आणि एलएम२५९६ ची चिप फार तापली की स्वतःला बंद करते. मग थोडी थंड झाली की पुन्हा चालू. सकाळी सुरळीत चालणारं यंत्र दुपारी दोन वाजता अधूनमधून मान टाकत असेल तर याच दिशेने बघा. उन्हाळ्यात चालवायच्या यंत्राला मी वीसऐवजी पन्नास टक्के जास्त धरायला सांगेन. डब्याला खालच्या बाजूने भोकं पाडा, म्हणजे पाऊस आत येणार नाही आणि हवा फिरेल; वरून पांढरा रंग द्या आणि डबा खांबाच्या उत्तरेकडच्या अंगाला बांधा.

वस्तीवर शेतीचे पंप चालू झाले की लाइट मंद होते. शंभर ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस किंवा चार्जर हे सहज सोसतो. ट्रान्सफॉर्मरचा साधा एलिमिनेटर मात्र मेनबरोबर खालीवर होतो, आणि संध्याकाळी सर्वो दुबळा पडतो. घेतानाच सप्लायच्या लेबलवरचा इनपुटचा आकडा वाचा. १८० व्होल्टपासून पुढे असं लिहिलेलं असेल तर गावाच्या टोकाला असलेल्या घरासाठी तो घेऊ नका.